गोणपाटाखालचं मूळ

१

सकाळी गोणपाट उचललं, तेव्हा खालचं मूळ अर्धवट होतं.

म्हणजे दोन्ही टोकं जागेवर होती, मधलं गायब होतं. खोडाकडून मांडीएवढं जाड मूळ येत होतं आणि काकडी कापावी तसं एका जागी संपत होतं. मग हातभर नुसती हवा. मग मूळ पुन्हा सुरू होऊन, आपला या प्रकाराशी काही संबंध नाही अशा थाटात, फुटपाथखालून पुढं निघून जात होतं. वरचं गोणपाट मात्र नीट पसरलेलं, चारी कडा दाबलेल्या, पाणी घालून गार केलेलं. झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तसं.

पालिकेच्या वृक्ष विभागाची निरीक्षक खड्ड्याच्या काठावर गोणपाट हातात धरून उभी होती. कचेरीत तिला झाडबाई म्हणत. तोंडावर नाही. तिचा राग हा पालिकेचा एकमेव असा विभाग होता, जो सुट्टीच्या दिवशीही सुरू असायचा.

"कोणी?" ती म्हणाली. फार हळू म्हणाली. खड्ड्यातले मजूर दोन पावलं मागं सरकले.

त्या पर्जन्यवृक्षासाठी ती कित्येक महिने भांडली होती. झाड एवढं मोठं होतं, की त्याच्या सावलीत अख्खी गल्ली गाड्या लावायची आणि मग पक्ष्यांच्या नावानं बोटं मोडायची. मुळांनी जुन्या फरशा उचलून धरल्या होत्या. तो फुटपाथ नव्हता, लाटा होत्या, आणि माणसं त्यात रोज बुडत होती. पालिकेच्या अभियंता साहेबांचं म्हणणं सोपं होतं : मुळं छाटा, वर काँक्रीट ओता, सुटलो. झाडबाईनं ते हाणून पाडलं. खोदायचं ते हातानं, मशीन आणायचं नाही. मनगटापेक्षा जाड मुळाला हात लावायचा नाही. उघडं पडलेलं मूळ ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं. फुटपाथ झाडाला वळसा घालून जाईल, आणि जिथं मुळं आडवी येतील तिथं त्यांच्यावरून फरशीचे छोटे पूल टाकायचे. खाली खडी आणि मोकळी हवा.

एवढं भांडून मिळवलेली पाच मोठी मुळं. त्यातलं सगळ्यात मोठं आता दोन भागांत उपलब्ध होतं.

"बघा," मागून आवाज आला. अभियंता साहेब आले होते. गल्ली त्यांना फूटपट्टी म्हणायची, कारण त्यांना जगात कुठलीही गोष्ट वाकडी दिसली की ॲसिडिटी व्हायची. "मी म्हणत होतो. छोट्या ठेकेदाराला काम दिलं की हे असं होतं. वळणाचं काम किचकट, म्हणून टाकलं कापून."

"त्यानं कापलेलं नाही."

"दुपारी उपायुक्त मॅडम येतायत. मी अहवाल लिहितोय. ठेकेदार काळ्या यादीत, पोलिसात तक्रार. परत या शहरात तो एक वीटसुद्धा लावणार नाही." फूटपट्टी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "झाडाचा मामला आहे, म्हणजे खाली तुमची सही लागेल."

झाडबाईनं खड्ड्याच्या पलीकडं पाहिलं. ठेकेदार तिथं हातात लेव्हलची पट्टी घेऊन उभा होता आणि तिच्याकडं न पाहण्याचं काम फार मेहनतीनं करत होता.

तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

२

भावाला सगळे लेव्हल म्हणत. सपाटी तपासायची ती बुडबुड्याची पट्टी त्याच्या खिशात कायम असायची. मुलगी बघायला गेल्यावर पोहे खाण्याआधी त्यानं टेबल तपासलं होतं. (लग्न जमलं. टेबल बदललं.)

बहीणभावात पावसाळ्यापासून अबोला होता. कारण आईच्या घराची पायरी. लेव्हलनं ती नवीन बांधली, पट्टी लावली, बुडबुडा बरोबर मध्ये. पहिल्याच सरीत पाणी बाहेर जायचं सोडून पाहुण्यासारखं आत आलं आणि थेट पलंगाखाली जाऊन बसलं. झाडबाई म्हणाली, पायरीला उतार लागतो, एवढं गाढवालाही कळतं. लेव्हल म्हणाला, माझ्या कामात उतार नसतो. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त आईमार्फत बोलत.

आताही झाडबाईनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि खड्ड्याच्या काठावर ठेवला.

"आई, त्याला विचार, काल काम कधी बंद केलं."

"अरे," कुकरच्या शिट्टीमागून आई म्हणाली, "ती विचारतेय, काम कधी बंद केलंस?"

लेव्हल तीन हातांवर उभा होता. "आई, तिला सांग, दिवस मावळताना. सगळ्या गोणपाटांवर पाणी मारलं, मग निघालो."

"करवत कोणाकडे होती?"

"आई, तिला सांग, करवती आणि कुऱ्हाडी तिनंच पहिल्या दिवशी जप्त करून ऑफिसात नेल्यात. आमच्याकडे पेन्सिलला टोक काढायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही."

"अगं, तो म्हणतोय…"

"ऐकू येतंय आई."

"मग मी कशाला मध्ये?" आई म्हणाली. "माझी भाजी लागतेय."

लेव्हलनं पट्टी खिशात घातली, परत काढली. "आई, तिला अजून एक सांग. हे गोणपाट मी घातलेलं नाही. मी कडेला दगड ठेवतो. बाकीच्या चार मुळांवर बघ. याच्या कडा मातीनं दाबल्यात. बोटांनी."

झाडबाई खड्ड्यात उतरली. तिला खरं तर कोणाला तरी मारायचं होतं, पण समोर फक्त मूळ होतं, आणि त्याला आधीच बराच मार बसला होता.

दोन्ही काप सरळ, स्वच्छ. घिसाडघाई नाही, धसमुसळेपणा नाही, सालीचं एक लक्तर लोंबत नव्हतं. आणि खोडाकडच्या कापावर काळपट लेप लावलेला. फांदी छाटल्यावर बुरशी लागू नये म्हणून माळी लावतात तो. म्हणजे खून करणाऱ्यानं खून झाल्यावर मलमपट्टी केली होती, पांघरूण घातलं होतं, आणि बहुतेक कपाळावर हात ठेवून ताप आहे का तेही पाहिलं होतं.

मधल्या रिकाम्या जागेच्या तळाशी तिला अजून एक गोष्ट दिसली. केसांसारख्या बारीक मुळांचा जाड झुबका, एखाद्या साधूची दाढी उपटून फेकल्यासारखा. बाकी खड्डा वाळवंट होता, मुळांचा एवढा दाट झुबका दुसरीकडं कुठंच नव्हता. आणि रस्त्याच्या बाजूची माती ओलसर होती.

"आज या मुळांच्या कडेची माती काढून ब्रशनं साफ करायची होती ना?" ती फोनला म्हणाली. "मग मी फोटो काढणार होते. हे कोणाला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला," लेव्हल आईला म्हणाला. "काल ती रस्त्यात उभी राहून ओरडून सांगत होती."

हे खरं होतं. त्यामुळं ती आणखी चिडली.

वर फूटपट्टी साहेब लिहीत होते. "लेप, गोणपाट, स्वच्छ काप," ते समाधानानं पुटपुटले. "इतक्या प्रेमानं मूळ कापणारा गल्लीत एकच. ज्याला तुम्ही स्वतः शिकवलंत."

"आणि तुकडा?" झाडबाईनं विचारलं. "हातभर लाकडाचा मधला तुकडा माझा भाऊ कशाला नेईल?"

साहेबांचं पेन थांबलं. क्षणभरच. "आठवण म्हणून," ते म्हणाले आणि पुढं लिहू लागले.

३

संशयित नंबर एक : फूटपट्टी साहेब स्वतः.

झाडबाईनं त्यांना तिथंच, त्यांच्याच गाडीच्या बॉनेटजवळ गाठलं. "मूळ गेलं, आता वळण नको, असं लिहिलंयत तुम्ही अहवालात. शेवटच्या ओळीत. मला उलटं वाचता येतं."

"तर्काला धरून आहे."

"म्हणजे फायदा तुमचा."

साहेबांनी आपले बूट पुढं केले. पांढरे होते. "मी या खड्ड्यात उतरेन? बाई, मला कापायचं असतं तर मी पाचही कापली असती. एकच कापून ठेवलं, तर रेघ तरी कुठं सरळ होतेय?"

झाडबाईला हे मान्य करावं लागलं, आणि मान्य करावं लागल्याबद्दल ती त्यांच्यावर वेगळी चिडली.

संशयित नंबर दोन समोरच्या दुकानात होता. चष्मेवाल्यांच्या पाटीवर एक भलामोठा डोळा रंगवलेला होता, आणि त्यावर बरोबर झाडाची एक फांदी यायची. फांदीवर पक्षी बसायचे. डोळ्याला सध्या मोतीबिंदू होता, आणि तो दर आठवड्याला वाढत होता.

"तुम्ही या झाडाविरुद्ध किती तक्रारी केल्यात?" झाडबाईनं काउंटरवर हात आपटला. शंभर जोड चष्मे दचकले.

"जमेल तेवढ्या," चष्मेवाले म्हणाले. "परत करणार."

"मग काल मूळही कापलंत."

चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पुसला, घातला आणि तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी नजर ते 'पहिली ओळ वाचा' म्हटल्यावर गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकाकडं टाकत. "बाई, पाटी वर आहे. पक्षी वर आहेत. घाण वरून पडते. मी खालचं मूळ कापून काय साधणार? पक्षी काय तळघरात राहतात?"

"झाड पडलं तर…"

"तर कुठं पडेल? माझ्या दुकानावर!" ते उभेच राहिले. "मला फांदी हवीय कापून, झाड नको डोक्यावर! एवढं साधं गणित मला येतं!"

दोघंही काही वेळ ओरडले. मुद्दे संपल्यावर थोडं नुसतंच ओरडले. मग चष्मेवाल्यांनी तिला पाणी दिलं.

"उलट तुमचा तो खड्डा सांभाळायला माणसं आहेत गल्लीत," ते जरा खाली येऊन म्हणाले. "काल मजूर गेल्यावर नर्सरीवाले काका झारी घेऊन आले होते. खड्ड्यात बसून गोणपाटावर पाणी घालत होते. या वयात! मी दुकान बंद करून निघालो तरी बसलेच होते. माणसानं जीव लावावा तर असा. तुम्ही काय, येऊन काउंटर आपटता."

काका तसेच होते. तिच्या रागाला जगात एकच सुट्टी होती, ती म्हणजे काका.

ती निघाली ती त्यांच्याकडंच. त्यांना ही बातमी कोण आणि कशी सांगणार, हाच तिला प्रश्न होता.

पण काकांना बातमी कळली होती. नर्सरीच्या फाटकावर त्यांनी काळी फीत बांधली होती.

४

नर्सरीच्या फाटकासमोरूनच खड्डा जात होता. त्यावर एक फळी टाकलेली होती. झाडबाई फळीवरून आत गेली.

काका बाकावर बसले होते. मागं त्यांचाच फलक : 'या झाडाला हात लावाल, तर आधी मला लावा.' फुटपाथ खोदायला काढणार असं कळल्याबरोबर ते हा फलक घेऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. एक फरशी हलू देणार नाही म्हणत होते. झाडबाईनंच त्यांना हातानं खोदायची योजना समजावली, तेव्हा कुठं उठले. तेही खुशीनं नाही. कॉलेजात असताना ती प्रत्येक सुट्टीत इथं राबली होती. कलम कसं बांधायचं, छाटणीचा काप कसा द्यायचा, ऑर्किड लाकडाच्या ओंडक्यावर कसं बसवायचं, सगळं काकांनी शिकवलं.

"आलीस पोरी," काका म्हणाले. डोळे लाल होते. "गेलं गं आपलं झाड."

"गेलेलं नाही, काका. चार मुळं शाबूत आहेत. वरचा भार थोडा हलका केला तर तग धरेल."

"धरेल?" काकांचा चेहरा एकदम खुलला. तो आनंद खरा होता. याबद्दल तिला नंतरही कधी शंका आली नाही. "देवच पावला म्हणायचा!"

"पण माझ्या भावाचं नाव येतंय."

काका जरा वेळ चपलेकडं बघत राहिले. "तरुण पोरं, कामाची घाई. चूक होते. फार ताणू नकोस."

"त्यानं नाही केलं. काल संध्याकाळी तुम्ही कोणाला खड्ड्यात बघितलंत का?"

"मी? मी तिकडं फिरकलोसुद्धा नाही. आठवडाभर मला ती उघडी मुळं बघवत नाहीत. नर्सरीचंही बघ ना, गिऱ्हाईक नाही, टेंपो आत येत नाही, फळीवरून माणूस येईल तेवढंच. पण माझी तक्रार नाही. झाडासाठी सगळं."

झाडबाईनं आजूबाजूला पाहिलं. नेच्यांच्या कुंड्यांची रांग माना खाली टाकून उभी होती. परवाच तिनं त्यांना पाहिलं होतं, तेव्हा ते नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे टवटवीत होते.

"यांना काय झालं?"

काकांनी एका पानावरून हात फिरवला. "रोपांना कळतं, पोरी. एक मेलं की बाकीची दुखवटा पाळतात. सकाळपासून अशीच आहेत."

इतकं सुंदर वाक्य ऐकून झाडबाईला रडूच आलं.

"आणि या पाणीकपातीत कसं पुरवता एवढ्यांना?" तिनं नाक पुसत विचारलं. नळाला सकाळी जेमतेम बादल्या भरण्याएवढं पाणी यायचं. बोअर तर काकांची कधीच आटली होती.

"टँकर. एक दिवसाआड येतो. पोटाला चिमटा घेऊन मागवतो."

ती उठली. छपराखाली ऑर्किडांचे ओंडके तारेनं टांगलेले होते, नेहमीसारखे. तिच्या डोक्यात कुठंतरी काहीतरी टोचलं, पण रडताना टोचलेलं कळत नाही.

बाहेर पडली, तर गल्लीच्या तोंडाशी उपायुक्त मॅडमची गाडी वळत होती. दुपारी येणार होत्या. लवकर आल्या होत्या.

५

फूटपट्टी साहेब पुढं धावले. छत्री धरली. ऊन मॅडमच्या उजवीकडून येत होतं, साहेबांनी तरीही छत्री सरळ वर धरली.

झाडबाई फुटपाथच्या कडेला बसली आणि फोन लावला. का, तिलाही माहीत नव्हतं. अशा वेळी माणूस आईला फोन करतो.

"आई, सगळं वाटोळं झालं. झाडं दुःख करतायत."

"कुठली झाडं?"

"काकांच्या नर्सरीतली. सकाळपासून माना टाकल्यात. दुखवटा पाळतायत."

"कसला दुखवटा?" आई म्हणाली. "माझ्या गॅलरीतल्या कुंडीनंपण मान टाकलीय, मी काल पाणी विसरले म्हणून. पाणी नाही मिळालं की टाकतात मान. त्यासाठी कोणी मरायला नको. तू एवढी शिकलीस कशाला?"

झाडबाई फोन कानाला तसाच धरून बसली. आई पायरीबद्दल काहीतरी बोलत होती. ते ऐकू येत नव्हतं.

टँकर एक दिवसाआड येतो. पण आठवडाभर फाटकासमोर खड्डा होता. फळीवरून माणूस जातो. टेंपोसुद्धा जात नाही, हे तर काकाच म्हणाले होते. म्हणजे परवापर्यंत नेचे टवटवीत होते ते टँकरशिवाय. आणि आज माना टाकल्या. नर्सरीचं पाणी खड्ड्यामुळं थांबलं नाही. ते काल संध्याकाळी थांबलं.

काल संध्याकाळी काका तिकडं फिरकले नव्हते. चष्मेवाल्यांनी मात्र त्यांना खड्ड्यात झारी घेऊन बसलेलं पाहिलं होतं. आणि चष्मेवाल्यांच्या नजरेबद्दल काहीही म्हणा, दूरचा चष्मा ते स्वतःच्या हातानं बनवत.

बारीक मुळांचा झुबका. मुळं अशी दाढी कुठं वाढवतात? जिथं थेंब थेंब पाणी वर्षानुवर्षं झिरपतं.

तुकडा का नेला, हा प्रश्न सकाळपासून उलटा उभा होता. मूळ कापायचं असेल तर एक काप पुरतो. दोन काप देणाऱ्याला मूळ कापायचंच नव्हतं. त्याला तुकडा हवा होता. त्या तुकड्यात काहीतरी होतं, जे आज ब्रश फिरला की तिच्या फोटोत आलं असतं.

तिच्या कपाळावरची शीर उभी राहिली. ती उठली, तरातरा चालत भावासमोर गेली, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा, मध्ये आईला न घेता, बोलली.

"खण."

लेव्हल दचकला. सवयीनं त्यानं फोनकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "कुठं?"

"रस्त्याच्या कडेला. माती ओली आहे तिथं."

"काय चाललंय?" मॅडम छत्रीखालून म्हणाल्या.

"ठेकेदार पुरावा नष्ट करतोय," साहेब म्हणाले.

लेव्हलनं कुदळ बाजूला ठेवली आणि हातानं माती ओढायला लागला, कारण झाडापाशी कुदळ चालवायची नाही असं बहिणीनं सांगितलेलं होतं. मजूरही बसले. वीतभर माती निघाली आणि त्याची बोटं थांबली.

"पाइप आहे," तो म्हणाला. "लोखंडी. मुख्य लाइनीतून आलाय. नुकताच कापलेला, काप चकाकतोय. आणि तोंडात लाकडाचं बूच ठोकलंय. त्यातून झिरपतंय."

त्यानं खड्ड्याच्या दुसऱ्या भिंतीची माती खरवडली. तिथं त्याच पाइपचं दुसरं टोक होतं. कोरडं. ते सरळ फाटकाखालून नर्सरीत गेलं होतं. खिशातली पट्टी काढून त्यानं दोन्ही टोकांवर धरली, कारण धरल्याशिवाय त्याला राहवेना.

"एका रेषेत," तो म्हणाला. "आणि मध्ये बरोबर ते मूळ."

६

काका बाकावरच होते. फळीवरून एकामागून एक झाडबाई, मॅडम, छत्री, साहेब, लेव्हल आणि (दुकान उघडं टाकून) चष्मेवाले आत आले.

झाडबाई त्यांच्याकडं गेलीच नाही. ती छपराखाली गेली आणि ऑर्किडांचे टांगलेले ओंडके एकेक करून फिरवू लागली. सगळे फांद्यांचे. फांदीच्या कापात मधोमध गाभ्याचा ठिपका असतो, मुळाच्या कापात नसतो. ठिपका, ठिपका, ठिपका. एकावर नव्हता. तो मांडीएवढा जाड होता, त्याचे दोन्ही काप ताजे होते, आणि वर एक जांभळं ऑर्किड अगदी काळजीनं बांधलेलं होतं. टांगायची तार एका भोकातून ओवली होती. बाकीच्या ओंडक्यांची भोकं करंगळीएवढी. याचं भोक अंगठा जाईल एवढं, आरपार, आणि आतून तांबडं. गंजाचं, लोखंडी पाइप ठोकून काढल्यासारखं.

तिनं तो ओंडका काढला आणि बाकावर काकांशेजारी ठेवला.

"चोरीचा पाइप मुळाला लागून टाकला होतात," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं मूळ जाड होत गेलं आणि पाइप गिळून बसलं. म्हणून तुम्ही एक फरशी हलू देत नव्हता. झाडासाठी नाही. पाइपासाठी."

"पोरी…"

"पोरी म्हणायचं नाही!"

नेच्यांनी आणखी थोडी मान टाकली.

"फेकता आलं असतं कुठंही. पण तुम्ही त्यावर ऑर्किड बसवलंत! विकायला!"

"लाकूड चांगलं होतं," काका पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. "आणि मी काय स्वतः प्यायलो ते पाणी? रोपांनाच घातलं ना? या शहराला हजारो झाडं दिली मी!"

"दिली नाहीत. विकलीत."

"कापताना रडत होतो मी! लेप लावला, गोणपाट घातलं, पाणी घातलं…"

"तेच तर!" झाडबाईचा आवाज फाटला. "माझ्या भावाला प्रेमानं कापता आलं नसतं काका, तो तसा नाही! तो दगड ठेवतो! सकाळपासून त्याचं नाव लिहिलं जात होतं आणि तुम्ही मला सांगत होता, तरुण पोरं, चूक होते. झाडाला लेप लावलात. याला काय लावणार होतात?"

ऑर्किडाचं एक पान सरळ करायला काकांचा हात आपोआप पुढं गेला, आणि झाडबाईनं ओंडका मागं ओढला.

"काप द्यायला तुम्हीच शिकवलंत मला," ती म्हणाली. "सकाळी बघितल्याबरोबर ओळखायला हवा होता. इतका सुंदर काप गल्लीत दुसऱ्या कोणाचा असणार."

मॅडमनी हात पुढं केला. फूटपट्टी साहेबांनी त्यात अहवाल दिला. मॅडमनी तो उभा फाडला. उभी फाट वाकडी गेली आणि साहेबांनी डोळे मिटले.

"पाणी विभागाला बोलवा, पोलिसांनाही," मॅडम म्हणाल्या. "आणि फुटपाथ?"

"मूळ तुटलंच आहे, तर आता सरळ…" साहेब डोळे मिटूनच म्हणाले.

"वळण राहील," झाडबाई म्हणाली. त्यापुढं कोणी चर्चा केली नाही.

काकांचं पुढं काय झालं, ते पाणी विभाग आणि पोलीस यांनी मिळून केलं, म्हणजे सावकाश केलं. झाडबाई फाटकावरून जाताना तिकडं बघत नाही. तसा राग अजून दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

फुटपाथ पूर्ण झाला, त्या दिवशी ती पाहायला गेली. फांद्यांचा भार हलका केलेला होता, त्यामुळं चष्मेवाल्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू आपोआप उतरला होता आणि ते गल्लीला आपणच झाड वाचवल्याचं सांगत होते. चार मुळांवरून फरशीचे चार पूल गेले होते. फुटपाथ खोडाला वळसा घालून, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तसा, पुढं गेला होता.

झाडबाई एका जागी थांबली. पुन्हा मागं गेली. पायाखाली काहीतरी वेगळं लागत होतं. तिनं खाली बसून तळहात टेकवला.

फुटपाथला उतार होता. रस्त्याकडं नाही, झाडाकडं. बेताचा, सुबक, सगळीकडं सारखा.

लेव्हल गाडीत सामान भरत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"त्या झाडाचं फुकटचं पाणी बंद झालं ना," तो गाडीला उद्देशून म्हणाला. "पडेल तो पाऊस तरी त्याला मिळू दे."

"बुडबुडा मध्ये नाही येणार यात," झाडबाई म्हणाली.

"नाही येत."

"मग रात्री झोप लागली?"

"नाही." त्यानं फावडं आत फेकलं. मग सिमेंटची एक अर्धी गोणी काढून पुढच्या सीटवर नीट ठेवली, तिला पट्टा लावला. "बस मागं. आईकडे जायचंय. पायरी फोडायचीय."